झाड हलवायचे तर

कोकणातल्या माणसाला लावणी म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. तरवा तीन आठवड्यांचा झाला की तो उपटायचा, जुड्या बांधायच्या, आणि चिखलणी केलेल्या खाचरात पुन्हा रोवायचा. उपटलेले रोप दोन दिवस मलूल पडते, पाती पिवळसर होतात, आणि आठवडा उलटला की तेच रोप हिरवेगार उभे राहते. हे आपण पिढ्यान्पिढ्या पाहत आलो, म्हणून रस्तारुंदीकरणाच्या कागदात “बाधित वृक्षांचे पुनर्रोपण करण्यात येईल” असे वाक्य आले की आपले समाधान होते. भाताची लावणी होते, तशी वडाची होईल. यंत्रे आली आहेत, क्रेन आल्या आहेत. अडचण ती काय?

अडचण आहे, आणि ती यंत्राची नाही. तरव्याचे मूळ बोटभर असते आणि आपण ते जवळजवळ सगळेच्या सगळे उचलून नेतो. चाळीस वर्षांच्या झाडाचे मूळ आपण नेऊच शकत नाही. पुष्कळांची अशी समजूत असते, की वर जसे झाड पसरलेले दिसते तसेच उलटे झाड जमिनीखाली खोल गेलेले असते. वस्तुतः झाडाची बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांच्या थरातच असतात, कारण हवा आणि ओल ही दोन्ही तेथेच मिळतात. पण आडवी मात्र ती फांद्यांच्या घेराबाहेर, कित्येकदा त्याच्या दुपटीतिपटीने पसरतात. शिवाय पाणी शोषण्याचे काम जाड मुळे करीत नाहीत. ती नुसती नळासारखी वाहतूक करतात. शोषण करतात ती टोकाची केसासारखी बारीक मुळे, आणि ती खोडापासून सर्वांत दूर असतात. आपण खोडाभोवती गोळा कापून झाड उचलतो तेव्हा शोषणाऱ्या मुळांपैकी शंभरातली नव्वदाहून अधिक जुन्या जागीच राहतात. वर पाने तितकीच, ऊन तितकेच, आणि खाली तोंडेच कापलेली! झाड मरते ते जखमेने नव्हे, तहानेने मरते. ही एक गोष्ट नीट ध्यानात धरली म्हणजे पुढचे सगळे नियम आपोआप सुचत जातात.

गोळा केवढा असावा याचा एक ठोकताळा जगभर रूढ आहे. छातीइतक्या उंचीवर खोडाची जाडी जेवढी भरेल तिच्या निदान दहापट रुंद मातीचा गोळा हवा. मिरकरवाड्यातल्या कोणाही माणसाला हे दोरीने करता येईल. खोडाला दोरी गुंडाळून घेर मोजावा, त्या घेराच्या दीडपटीहून थोडी अधिक लांबीची दोरी घ्यावी, एक टोक खोडाशी धरून दुसऱ्या टोकाने जमिनीवर वर्तुळ काढावे. गोळ्याची हद्द मिळाली. आता याचा हिशेब करून पाहू. १५ सेंटीमीटर जाडीचे झाड असेल तर गोळा दीड मीटर रुंद, दोन फूट खोल. वजन सुमारे पावणेदोन टन. खोड ३० सेंटीमीटर असेल तर गोळा तीन मीटर रुंद, अडीच फूट खोल. आणि वजन साडेआठ-नऊ टनांच्या घरात. म्हणजे खोड दुप्पट झाले तर ओझे पाचपट होते. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, लहान झाड हलवणे आणि मोठे हलवणे ही एकाच जातीची कामे नव्हेत. दुसरी, मीटरभर जाडीच्या खोडाला एखाद्या लहान ट्रकवर टाकून कोणी “पुनर्रोपणास” निघाला असेल, तर त्याने गोळा किती घेतला आहे हे पाहण्यासाठी ट्रकमध्ये डोकावण्याचीसुद्धा गरज नाही.

मग मोठे झाड हलतच नाही काय? हलते, पण त्याला अगोदर वेळ द्यावा लागतो. हे काम जपानी बागवान फार जुन्या काळापासून करीत आले आहेत. झाड उचलायचे त्याच्या वर्ष-दोन वर्षे आधी ते खोडाभोवती चर खणतात, तेथील मुळे स्वच्छ कापतात, आणि चर पुन्हा सैल मातीने भरून टाकतात. मूळ कापले की कापाच्या मागेच नवी बारीक मुळे झुबक्याने फुटतात. म्हणजे जी शोषणारी मुळे दूर पसरली होती ती खोडाजवळ, आपल्या गोळ्याच्या आत, नव्याने तयार होतात; मग उचलताना ती बरोबर येतात. या कामाला जपानीत ‘नेमावाशी’ म्हणतात. मुळांच्या भोवती फिरणे असा त्याचा अर्थ. आता गंमत अशी, की तिकडे कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून हा शब्द वेगळ्याच अर्थाने चालतो. कोणताही मोठा निर्णय बैठकीत मांडण्यापूर्वी ज्याला ज्याला त्याची झळ लागणार त्या प्रत्येकाशी आधी जाऊन बोलायचे, त्याचे ऐकायचे, याला ते नेमावाशी म्हणतात. संघटनेचे काम केलेल्या माणसाला यात नवे काही वाटू नये. दारोदार न फिरता सभेत एकदम ठराव आणला तर तो टाळ्यांनी मंजूर होतो आणि दुसऱ्या दिवशी एकही माणूस कामावरून बाहेर पडत नाही, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

चर खणण्याची रीत थोडी तपशिलाने सांगतो, कारण सगळे येथेच बिघडते. वर्तुळाचे चार-सहा भाग करावेत. पहिल्या पावसाळ्यात समोरासमोरचे भाग तेवढे खणावेत. मधले भाग तसेच ठेवावेत, म्हणजे झाडाला एका बाजूने पाणी मिळत राहते आणि वाऱ्यात ते कोसळतही नाही. चर दीड फूट रुंद, दोन-अडीच फूट खोल पुरे. बोटाहून जाड मुळे करवतीने किंवा धारदार कोयत्याने सपाट कापावीत. जेसीबीच्या दातांनी मूळ ओढले तर ते कापले जात नाही, फाटते. ती चीर खोडाच्या दिशेने आत जाते आणि तेथूनच कुजणे सुरू होते. चर कुजलेला पालापाचोळा मिसळलेल्या मातीने भरावा आणि पाऊस संपल्यावर त्याला पाणी द्यावे. कोरड्या चरात नवे मूळ फुटत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात राहिलेले भाग घ्यावेत. तिसऱ्या पावसाच्या तोंडाशी झाड उचलण्याच्या लायकीचे होते. उचलताना जुन्या चराच्या वीतभर बाहेरून खणावे, नाहीतर दोन वर्षे जोपासलेली नवी मुळे आपणच कापून टाकू. लहान झाडाला, म्हणजे मनगटाएवढ्या खोडाला, एवढा खटाटोप लागत नाही. सहा-आठ महिने आधी एकदा चर घेतला तरी चालते.

दोन वर्षांची गोष्ट काढली की अधिकारी हसतात. रस्त्याचे कंत्राट मिळते मार्चमध्ये आणि झाडे जागेवरून हलवून हवी असतात मे महिन्यात! पण हेही खरे आहे, की कोणताही मोठा रस्ता मार्चमध्ये ठरत नाही. त्याचे नकाशे, मोजणी, भूसंपादन ही कामे कित्येक वर्षे चालतात. ज्या दिवशी नकाशात झाडावर रेघ आली त्या दिवशी चर खणायला कोणाचीच ना नसते. चराला जमीन संपादन करावी लागत नाही आणि यंत्रही लागत नाही. दहा माणसे आणि कुदळी-फावडी लागतात.

आता वेळेचा प्रश्न. थंड मुलखांतली पुस्तके सांगतात, की पानझड झाल्यानंतर आणि नवी पालवी येण्याच्या आत झाड हलवावे. ते त्यांच्यापुरते बरोबर आहे. पाने नसली म्हणजे झाडाचा खर्च थांबतो, आणि तिकडे त्या दिवसांत जमीन ओली असते. आपल्याकडे सावर, पांगारा निष्पर्ण होतात ते हिवाळा सरता सरता, आणि त्यापुढे जूनपर्यंत थेंब पडत नाही. तेव्हा पुस्तकातला महिना न घेता कारण घ्यावे: हवेत दमटपणा असावा, ऊन कमी असावे, जमीन ओली आणि उबदार असावी, आणि पुढे मूळ धरण्यास निदान तीन महिने मिळावेत. असा काळ रत्नागिरीत एकच, मृगाचे पहिले चार-सहा मोठे पाऊस जमिनीत मुरल्यापासून साधारण जुलैच्या मध्यापर्यंत. पहिल्याच सरीला घाई करू नये. ती वरची कपची भिजवते, आणि मध्ये पावसाने आठ दिवस ओढ दिली की हलवलेले झाड उघड्यावर सापडते. आर्द्रा लागल्या म्हणजे निर्धास्त व्हावे. उलट ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस आहे म्हणून काम काढू नये, कारण ऑक्टोबरचे ऊन येऊन ठेपते तेव्हा नवी मुळे अजून गोळ्याबाहेर पडलेली नसतात. एवढ्या धो धो पावसात काम कसे करायचे, असे विचारणारे असतात. दिवस ढगाळ, पाऊस रिमझिम, हे सर्वांत उत्तम. मुसळधारीत मात्र गोळा विरघळून फुटतो. त्या दिवशी घरी बसावे.

या वेळेचा आपल्या वाडीच्या दृष्टीने एक योग आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. लाँची वर ओढलेल्या, जाळी घरात, आणि ज्यांना दोर कसा टाकावा, गाठ कोणती मारावी, जड वस्तू तोल न घालवता कशी उचलावी हे जन्मापासून ठाऊक आहे अशी माणसे रिकामी. बंदरावर सावलीचे झाड असणे याची किंमत त्यांना दुसऱ्या कोणी सांगायला नको. जाळी सांधायला बसायचे ते झाडाखालीच. झाड हलवण्याच्या कामात दोरकामाचा वाटा मोठा आहे, आणि तो शिकवण्यासाठी मुंबईहून माणूस आणण्याचे कारण नाही.

दोर कोठे लावायचा हे मात्र सांगितलेच पाहिजे. पट्टे गोळ्याखालून घ्यावेत, खोडाला लावून झाड लटकवू नये. सालीच्या आतच झाडाच्या जिवाचा पातळ थर असतो. पानांनी केलेले अन्न मुळांकडे जाते ते सालीतूनच. खोडाला फास बसून साल चहूबाजूंनी निघाली तर मुळे उपाशी मरतात, मग गोळा कितीही मोठा असो. गोळा आधी सुंभाने आणि गोणपाटाने घट्ट बांधून घ्यावा. प्लॅस्टिकचा कागद लावला असेल तर तो खड्ड्यात काढून टाकावा. आणि गोळा हवेत असताना त्याच्याखाली माणूस उभा राहता कामा नये. नऊ टनांच्या खाली डोकावून पट्टा सरळ करणारा गडी आम्ही पाहिला आहे, आणि त्याला तसे करायला सांगणारा मुकादमही.

नव्या जागेचा खड्डा हा कोकणातला सर्वांत मोठा सापळा होय. आमची जमीन म्हणजे जांभा. जांभ्यात चौकोनी, गुळगुळीत भिंतींचा, खोल खड्डा काढला की तो खड्डा राहत नाही, टाकी होते. वर तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. मुळांना पाणी लागते तशी हवाही लागते, आणि तुंबलेल्या पाण्यात हवा नसते. ज्या झाडाला एप्रिलमध्ये तहानेने मरण्याची भीती ते जुलैमध्येच बुडून मरते. म्हणून खड्डा खोलीला गोळ्याएवढाच ठेवावा, रुंदीला मात्र दुप्पट-तिप्पट घ्यावा. भिंती पहारीने खडबडीत कराव्यात, आणि उताराच्या बाजूला पाणी निघून जाईल असा चर काढावा. खड्डा भरून पाहावा. सकाळी भरलेले पाणी दुसऱ्या सकाळी तसेच असेल तर ती जागा सोडावी किंवा झाड उंचवट्यावर बसवावे. खोड जेथे पसरून मुळांना मिळते तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. झाड घट्ट बसावे म्हणून दोन फूट खोल पुरण्याची हौस पुष्कळांना असते. खोडाची साल मातीखाली गेली की ती कुजते. भरायला शक्यतो तीच माती घ्यावी. खड्ड्यात भारी खतमाती आणि बाहेर कातळ असा प्रकार केला तर मुळे त्या कुंडीतच गोल गोल फिरत बसतात.

झाडाला पूर्वीचीच दिशा द्यावी असे जुने लोक सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कवी व्हर्जिल याने शेतीवरच्या काव्यात हेच लिहिले आहे: लोक सालीवर दिशांच्या खुणा करतात, म्हणजे दक्षिणेचे ऊन सोसलेली बाजू नव्या जागीही दक्षिणेला येते. याने झाड जगतेच असे नव्हे. पण सावलीत वाढलेली साल एकदम पश्चिमेच्या उन्हात आली की भाजते, हे खरे आहे. खुणेला एक चुन्याचा ठिपका लागतो. तो लावावा, आणि खोडाला ओले गोणपाट गुंडाळावे.

फांद्या छाटाव्यात की नाही, यावर पूर्वी एकच मत होते. मुळे गेली त्या प्रमाणात डोके उतरवावे. आपल्याकडे तर सगळ्या फांद्या तोडून नुसता खुंट नेण्याची पद्धतच पडली आहे; ट्रकवर मावतो हे तिचे खरे कारण. पुढच्या काळातल्या प्रयोगांनी हे मत बदलले. नवी मुळे घडवायला साखर लागते, ती पाने करतात. आणि मुळे फुटण्याचा इशाराही वरच्या कोंबांतूनच खाली येतो. पाने सगळी उडवली तर खर्च वाचतो, पण मिळकतही बंद होते. तेव्हा मोडकी, वाळलेली, एकमेकींवर घासणारी फांदी काढावी, आमच्या उन्हासाठी थोडी विरळणी करावी, पण ढाचा राखावा. वड, पिंपळ, उंबर, पांगारा, शेवगा ही झाडे खुंटातूनही फुटतात. त्यांच्या फांद्या नुसत्या रोवल्या तरी धरतात. त्यांचा दाखला आंब्या-फणसाला लावू नये. फणस आणि काजू यांच्या सोटमुळाला धक्का लागलेला रोपवयातसुद्धा खपत नाही. म्हणूनच हापूसची बाग वाढवायची असते तेव्हा कोणी जुने झाड हलवत बसत नाही. कोय कलम करतो, जूनमध्ये खड्ड्यात लावतो, आणि आंब्याची वाट पाहतो.

माड हा वेगळाच गडी. तो झाड म्हणावा तर गवताच्या जवळचा. त्याच्या खोडाला जाड होत जाणारा थर नाही, म्हणून खोडाची जखम कधी भरून येत नाही. आणि त्याचा सगळा जीव शेंड्यातल्या एका कोंबात असतो. पण मुळांच्या बाबतीत तो उदार आहे. त्याची मुळे जाड होत नाहीत, बुंध्याच्या तळातून नवी नवी फुटत राहतात. फ्लोरिडात या विषयावर पद्धतशीर काम झाले आहे. तेथे असे दिसले, की माडाच्या कापलेल्या मुळांपैकी सुमारे निम्मी जगतात आणि त्यांना फाटे फुटतात. म्हणून मोठा माड लहानशा गोळ्यावर हलतो, दोन वर्षांच्या चराचीही गरज नसते. फक्त उचलताना कोंबाला हिसका बसू देऊ नये. झावळ्या वर बांधून घ्याव्यात आणि उंच खोडाला फळीचा आधार द्यावा. भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे, मिरकरवाड्यापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. ज्याला माड हलवायचा आहे त्याने तेथपर्यंत जाण्याचे कष्ट घ्यावेत. बंदराच्या विकासात माड आड आला तर तो तोडण्याला कारण असे जवळजवळ नसते.

पडलेले झाड उभे करणे हीही एक प्रकारची लावणीच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा दापोली, मंडणगड आणि पलीकडे रायगडात पोफळी, माड आणि आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी पहिले आठ दिवस सोन्याचे असतात. ज्या झाडाची एका बाजूची मुळे अजून जमिनीत आहेत आणि वय कमी आहे ते उभे करता येते. उघड्या मुळांवर ताबडतोब ओले गोणपाट टाकावे, तुटकी मुळे सपाट कापावीत, खालचा खड्डा मोकळा करून मगच झाड हळूहळू ओढावे. मूळ अडकलेले असताना नुसत्या जोराने ओढले तर उरलेली बाजूही तुटते.

हलवलेले झाड तीन बाजूंनी दोराने ताणून बांधावे. मुळे धरत असताना गोळा हलला तर नवी तंतुमुळे तुटतात. नायलॉनचा दोर सालीवर सरळ कधी बांधू नये. जुन्या टायरचा तुकडा मध्ये घालावा. वर्षाने दोर सोडावेत. आम्ही असे खोड पाहिले आहे ज्यात चार वर्षांपूर्वीचा दोर बोटभर आत रुतला होता. झाड जगवण्यासाठी बांधलेल्या दोरानेच ते गळफास लागून मेले.

आता पाण्याकडे येतो, म्हणजे माणसाकडे येतो. पाऊस संपला की ऑक्टोबरपासून मेअखेर आठ महिने. ३० सेंटीमीटर खोडाच्या झाडाला एका वेळेस शंभर लिटरच्या आसपास पाणी, आणि ते गोळ्यावर, खोडाजवळ. बाहेर आळे करून बाहेरच ओतले तर गोळा मध्ये कोरडा राहतो, कारण अजून मुळे बाहेर पोचलेलीच नाहीत. आठवड्यातून दोनदा धरले तर एका झाडाला एका उन्हाळ्यात सात हजार लिटर. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर तेही चालणार नाही. आणि हे एक वर्ष नव्हे. थंड देशांत असा अंदाज आहे, की खोडाच्या दर इंच जाडीमागे झाडाला पूर्ववत व्हायला एक वर्ष लागते. उष्ण प्रदेशात हे काम तीन-चार महिन्यांत होते. म्हणजे फूटभर खोडाला आपल्याकडेसुद्धा तीन-चार वर्षे.

हे पाणी कोण घालतो? कंत्राटात “झाडे हलवणे” या कामाचा दर नगावर असतो. खड्डा, क्रेन, ट्रक, फोटो, बिल निघाले. ज्या मजुराने पाणी घालायचे त्याची मजुरी त्या दरात नसते, असली तरी तीन महिन्यांची असते. आम्हांला झाडांविषयी जे कळले ते पुष्कळसे या दरपत्रकातून कळले. नगावर मजुरी दिली की नग वाढतात, हा गिरणीपासून गोदीपर्यंत सगळीकडचा अनुभव. मग वीस मिनिटांत एक झाड “हलते”. दिल्ली राज्याने २०२० मध्ये धोरण केले, की हलवलेल्या झाडांपैकी शंभरात ८० एक वर्षानंतर जिवंत असली पाहिजेत. २०२२ मध्ये तेथील सरकारनेच न्यायालयात सांगितलेल्या आकड्यांवरून असे निघाले, की मागील तीन वर्षांत हलवलेल्या १६ हजारांहून अधिक झाडांपैकी जेमतेम एक तृतीयांश जगली होती. मुंबईत मेट्रोच्या तिसऱ्या मार्गासाठी हलवलेल्या झाडांची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. आरेच्या कारशेडसाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये २,१८५ झाडे तोडण्यास आणि ४६१ हलवण्यास परवानगी दिली. त्या ऑक्टोबरात तोड एका रात्रीत सुरू झाली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली तोवर दोन हजारांवर झाडे पडली होती. तोडायला दोन दिवस पुरतात. हलवायला तीन वर्षे लागतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या हातीच मुळी ते काम नसते.

म्हणून कोणी आमचा सल्ला विचारला तर आम्ही म्हणू, की कंत्राटात तीन कलमे घाला. पैशाचा मोठा भाग तिसऱ्या पावसाळ्यानंतर जिवंत झाडे मोजून द्यावा. पाणी घालणाऱ्या माणसाची मजुरी वेगळी दाखवावी आणि ती किमान वेतनाखाली नसावी. आणि चर खणल्याच्या तारखा झाडागणिक लिहून ठेवाव्यात. तोंडी आश्वासनावर आम्ही कधी संप मागे घेतला नाही. झाडांनी तरी का घ्यावा?

कायदा आपल्या हातात थोडाफार आहे. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालचा. तो नगरपरिषदांनाही लागू आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे आणि त्यावरील झाडाला वारसावृक्षाचा दर्जा मिळाला. तोडीचा अर्ज आला की झाडावर नोटीस लावावी लागते आणि नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. ती नोटीस वाचणारा कोणी असावा लागतो, एवढेच.

आणि कधी कधी झाडाऐवजी रस्ताच हलतो. येथून जवळच मिऱ्याहून जो महामार्ग नागपूरला निघतो त्याच्या वाटेवर सांगली जिल्ह्यात भोसे हे गाव आहे. तेथे यल्लम्मा देवळाजवळ चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड होता. २०२० मध्ये तो तोडला जाणार असे कळताच लोक झाडाभोवती जमले, बातमी राज्यभर गेली, आणि रस्त्याच्या आखणीत बदल करून वड राखला. २०२२ च्या पावसाळ्यात तो वड कोसळला. पण ती दोन वर्षे त्याच्याखाली सावली होती, आणि तेवढ्या प्रचंड विस्ताराचे झाड गोळ्यासकट उचलणारी क्रेन कोणापाशीच नव्हती. अगदी जुन्या, अगदी मोठ्या झाडांच्या बाबतीत हलवण्याची भाषा ही फार करून विरोध शांत करण्याची भाषा असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तची राणी हत्शेप्सुत हिने पुंत देशाहून धूपाची झाडे गलबतांवर आणवली. तिच्या देवालयाच्या भिंतीवर ती चित्रे आहेत. मुळांसकट झाड टोपलीत ठेवले आहे, टोपली काठीला लटकवली आहे आणि माणसे खांद्यावर ती वाहून नेत आहेत. झाडे लहान आहेत. त्या बागवानांना गोळ्याचा हिशेब आमच्या कंत्राटदारांहून बरा कळत असावा. चित्रात राणीचे नाव आहे, वाहणाऱ्यांची नाहीत.

शेवटी मोजणीविषयी. हलवलेल्या झाडाला महिन्याभरात पालवी फुटली की फोटो निघतो आणि ते जगले असे लिहिले जाते. ही पालवी नव्या मुळांची खूण नव्हे. खोडात साठवलेल्या पिठावर ती फुटते, तोडून टाकलेल्या ओंडक्यालाही फुटते. साठा संपतो बहुधा पहिल्या उन्हाळ्यात. म्हणून पहिली मोजणी मे महिन्यात करावी. पाने नसतील तर अंगठ्याच्या नखाने बारीक फांदीची साल खरवडून पाहावी. आत हिरवे, ओलसर असेल तर झाड जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडे असेल तर आणखी खाली, जाड फांदीवर खरवडावे. हिरवे जेथून सुरू होईल त्याच्या वरचे छाटावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मे महिन्यात हीच मोजणी पुन्हा करावी, आणि मोजणाऱ्यांत पाणी घालणारा माणूस असावा; कोणत्या झाडाला कोणत्या आठवड्यात टँकर आला नव्हता हे त्यालाच सांगता येते.